माणूस बनवण्याचा परवाना

चलित साधने परवाना विभागाच्या आवक नोंदवहीत त्या मंगळवारी एकूण सतरा अर्ज नोंदले गेले. त्यांपैकी अकरा लिफ्टचे होते, चार आकाशपाळण्यांचे होते, एक सरकत्या जिन्याचा होता आणि एक माणूस बनवण्याचा होता.

माणसाचा अर्ज लिफ्टच्या विभागात येण्याला कारण होते. तो आधी आरोग्य विभागाकडे गेला होता. त्यांनी ‘अर्जातील व्यक्ती आजारी नाही’ असा शेरा मारून तो उद्योग विभागाकडे धाडला. उद्योग विभागाने ‘वस्तू विक्रीसाठी नाही’ म्हणून तो पुढे ढकलला. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की ज्याचे भाग हलतात आणि ज्याच्यामुळे नागरिकांना इजा होऊ शकते, अशा प्रत्येक गोष्टीला परवाना देण्याचे काम तिसऱ्या मजल्यावरच्या या विभागाचे आहे. माणसाचे भाग हलतात. त्याच्यामुळे नागरिकांना इजा होते, याबद्दल तर कोणाचेच दुमत नव्हते.

अर्ज नमुनेकाकांच्या टेबलावर आला. नमुनेकाका हे विभागातले सर्वांत जुने हेडक्लार्क. तीस वर्षे ते अर्जांचे नमुने तयार करत आले होते, म्हणून हे नाव पडले होते. ‘नमुना’ या शब्दाचा दुसरा अर्थही त्यांना ठाऊक होता आणि ऑफिसातली तरुण मंडळी तोच अर्थ धरून हाक मारतात हेही ठाऊक होते. पण त्याचे त्यांना काही वाटत नसे. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. त्यांच्या नमुन्यातून आजवर कोणी निसटले नव्हते. बायकोने एकदा त्यांना ‘काही हवंय का’ असे विचारले, तेव्हा त्यांनी ‘काही’ या शब्दाची व्याप्ती विचारली होती. त्यानंतर तिने तो प्रश्न सोडूनच दिला.

अर्जदार एक शास्त्रज्ञबाई होत्या. अपघातात हातपाय गमावलेल्यांसाठी त्या यांत्रिक अवयव बनवत. चौदा वर्षांत त्यांनी हात बनवले, पाय बनवले, गुडघे, कान, डोळे, हृदयाच्या झडपा, सगळे बनवले. एके दिवशी फडताळ आवरताना त्यांच्या लक्षात आले की सगळेच भाग शिल्लक आहेत, फक्त जोडायचे बाकी आहेत. त्यांनी जोडले. मधल्या रिकाम्या जागा पेशी वाढवून भरल्या. काही महिन्यांनी त्या जोडणीने डोळे उघडले आणि थोडे पाणी मिळेल का असे विचारले. तेव्हा बाईंना वाटले की आता परवानगी घ्यायला हवी. आधी बांधकाम आणि मग परवानगी ही पद्धत विभागाला नवी नव्हती, त्यामुळे याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही.

अर्जासोबत पडताळणीसाठी मूळ प्रत आणणे सक्तीचे असल्यामुळे बाई त्या जोडणीलाच सोबत घेऊन आल्या. दिसायला तिशीचा, सभ्य, साधा माणूस. उजवा हात डाव्यापेक्षा एक नंबर मोठा होता, कारण शिल्लक तोच होता. अर्जात त्यांचा उल्लेख ‘प्रस्तावित व्यक्ती’ असा होता, म्हणून सगळे त्यांना प्रस्तावित म्हणू लागले. त्यांना माणूस धरायचे की वस्तू, यावर पहिल्याच दिवशी वाद झाला. तो नमुनेकाकांनी मिटवला. सर्व पत्रव्यवहारात ‘ते’ हा शब्द वापरावा, अशी टिपणी त्यांनी लिहिली. ‘ते आले’, ‘ते बसले’. ज्यांना वस्तू म्हणायचे आहे त्यांनी ते यंत्र समजावे, ज्यांना माणूस म्हणायचे आहे त्यांनी आदरार्थी समजावे. भाषेने दिलेल्या या सवलतीबद्दल सगळ्यांनाच हायसे वाटले.

विभागाचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. आपल्या सहीने कुठेतरी काहीतरी घडेल, याची. त्यांनी ताबडतोब नैतिकता समिती नेमली. अध्यक्ष साहेब, सचिव नमुनेकाका, आणि सदस्य म्हणून कॉलेजात नीतिशास्त्र शिकवणारे एक तज्ज्ञ. हे नीतितज्ज्ञ बोलण्याआधी चष्मा काढत आणि बोलून झाल्यावर घालत, त्यामुळे आपल्या बोलण्याने समोरच्याचे काय झाले हे त्यांना कधी दिसत नसे.

समितीच्या सूचनेवरून नमुनेकाकांनी नमुना क्रमांक एक्केचाळीस तयार केला. रकाने चारच होते. सदर व्यक्ती बनवण्याचा उद्देश काय? बनवण्यापूर्वी सदर व्यक्तीची संमती घेतली आहे काय, असल्यास प्रत जोडावी. बनवणाऱ्यांना व्यक्ती बनवण्याचे रीतसर प्रशिक्षण आहे काय? सदर व्यक्तीला दुःख होणार नाही याची हमी कोण देणार? प्रयोगशाळेने उद्या ‘आम्ही अर्धेच यंत्र बनवले’ अशी पळवाट काढू नये, म्हणून काकांनी वर एक वाक्य घातले: ‘कोणत्याही पदार्थापासून, कोणत्याही रीतीने, कोणत्याही जागी, कोणत्याही काळी, पूर्णतः वा अंशतः नवी व्यक्ती तयार करणारा प्रत्येक जण.’ साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि काकांना स्वतःच्या डब्यातले सफरचंद दिले.

शास्त्रज्ञबाईंच्या नाकी नऊ आले. उद्देशाच्या रकान्यात त्यांनी ‘वृद्धांची सेवा’ असे लिहिले. नीतितज्ज्ञांनी चष्मा काढून सांगितले की दुसऱ्याच्या सोयीसाठी व्यक्ती निर्माण करणे ही गुलामगिरी आहे. बाईंनी खोडून ‘काही उद्देश नाही’ असे लिहिले. विनाकारण व्यक्ती निर्माण करणे हा बेजबाबदारपणा आहे, असे ठरले. मग त्यांनी ‘तिच्या स्वतःच्या आनंदासाठी’ असे लिहिले. त्यावर आनंदाचा पुरावा मागण्यात आला. संमतीच्या रकान्यात प्रस्तावितांनी स्वतः सही केली, सुरेख अक्षरात. पण बनल्यानंतर दिलेली संमती मागील तारखेने लागू होत नाही, असा निर्णय झाला. बनण्याआधी ते अस्तित्वातच नव्हते, असे बाईंनी सांगून पाहिले. तर मग गैरहजर व्यक्तीच्या बाबतीत एवढा मोठा निर्णय घेतलाच कसा, असे त्यांना विचारण्यात आले.

अर्ज प्रलंबित असेपर्यंत मूळ प्रत कार्यालयात जमा राहते. त्यामुळे प्रस्तावित अभ्यागतांच्या बाकावर बसून राहिले. दोन महिने बसले. वाचायला दुसरे काही नव्हते म्हणून त्यांनी कपाटातली सगळी नियमपुस्तके वाचली. लिफ्टवाल्या अर्जदारांना ते फॉर्म भरून देऊ लागले. न ओरडता, न चिडता, एकाला तीच गोष्ट चार वेळा सांगत. ऑफिसातल्यांना हे जरा विचित्रच वाटे. हे माणूस नसल्याचे लक्षण आहे, असे साहेबांचे खाजगी मत होते.

एके दिवशी प्रस्तावितांनी अर्ध्या पानाचा अर्ज दिला. त्यात तक्रार नव्हती. फक्त एक शंका होती. नमुना एक्केचाळीस ‘प्रत्येक जण’ असे म्हणतो. तर हा नियम सर्वांना लागू आहे का?

साहेबांनी तो कायदा शाखेकडे पाठवला. बाराव्या दिवशी उत्तर आले. कोणताही पदार्थ, कोणतीही रीत, कोणतीही जागा, असे स्पष्ट शब्द असताना नैसर्गिक रीत वगळता येणार नाही. वाक्यरचना अत्यंत निर्दोष असून तीत फट सापडत नाही. यापुढे मूल होऊ घातलेल्या प्रत्येक जोडप्याने नमुना एक्केचाळीस भरावा.

आपल्या वाक्यरचनेचे असे लेखी कौतुक काकांच्या वाट्याला कधी आले नव्हते. त्यांनी ते पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना आठवले की आपल्या लेकीला सातवा महिना लागला आहे.

लेक आणि जावई शेजारच्याच गल्लीत राहत. आठवड्याभरात तिच्याकडे निरीक्षक गेला. त्याच्याजवळ लिफ्टच्या तपासणीचाच तक्ता होता, कारण दुसरा छापून आला नव्हता. त्याने तिला दोनदा बसायला आणि उठायला सांगितले, चढताना आवाज येतो का ते ऐकले आणि वहनक्षमतेच्या जागी ‘एक व्यक्ती’ असे लिहून, आपत्कालीन घंटा नसल्याबद्दल ताशेरा ओढला. जाताना दारावर नोटीस चिकटवली. विनापरवाना निर्मिती चालू असल्याचे आढळून आले असून सदर काम आहे त्या स्थितीत तात्काळ थांबवावे. लेकीने नोटीस वाचली. काम थांबले नाही. तेव्हापासून रोज नवा नियमभंग नोंदला जाऊ लागला, आणि सचिव म्हणून तो नोंदवण्याचे काम काकांकडे होते.

रविवारी सगळे काकांच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसले. मधोमध फॉर्म होता. परवान्याशिवाय मूल जन्मले तर ते अनधिकृत बांधकाम ठरणार होते. त्याला दाखला मिळणार नाही, डॉक्टर तपासणार नाही, शाळा घेणार नाही. जावई भिडस्त माणूस. त्याने हळूच सुचवले की उद्देशात ‘म्हातारपणी आधार’ असे लिहावे. काकांनी नकारार्थी मान हलवली. तेच उत्तर बाईंना नडले होते आणि ते नामंजूर करणारी टिपणी त्यांच्याच अक्षरात होती. बायको म्हणाली की घर कसे भरल्यासारखे वाटते. काका म्हणाले की हे मनोरंजनात येईल आणि मग आकाशपाळण्याचे नियम लागतील. व्याह्यांनी फोनवरून ‘वंश पुढे चालावा म्हणून’ असे लिहायला सांगितले. त्यावर काकांचे मत पडले की हे अखंड उत्पादन झाले, फाइल उद्योग विभागाकडे जाईल आणि तिथून दोन वर्षे येणार नाही.

लेक फॉर्म भरायला बसली होती. तिने पेन खाली ठेवले.

“बाबा, तुम्ही मला कशासाठी बनवलंत?”

काकांनी चष्मा पुसला. मग बायकोकडे पाहिले.

“वर्षअखेर होती,” बायको म्हणाली. “यांची रजा वाया जाणार होती.”

जावई छताकडे पाहू लागला. तीस वर्षे काका लोकांना रकाना कोरा सोडू नका असे सांगत आले होते, आणि आपल्याच लेकीचा रकाना आपण असा भरला होता. लेक मात्र हसली. पोट धरून हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आले.

सुनावणी बुधवारी झाली. लेक समितीसमोर खुर्चीत बसली आणि काका इतिवृत्त लिहायला बसले. मुलीला समोर बसवून त्यांना ‘अर्जदार’ असे लिहावे लागले. नीतितज्ज्ञांनी चष्मा काढून विचारले की आत असलेल्या व्यक्तीची संमती घेतली आहे का. त्याच क्षणी बाळाने लाथ मारली. लेकीने पोटावर हात ठेवला, ते सर्वांना दिसले. ‘प्रस्तावित व्यक्ती क्रमांक दोन हिने आतून हालचाल केली, ती संमती आहे की हरकत हे स्पष्ट होत नाही,’ अशी नोंद साहेबांनी करायला लावली. प्रशिक्षणाबद्दल विचारले, तेव्हा तिने नाही म्हटले. दुःख होणार नाही याची हमी विचारली, तेव्हाही तिने नाही म्हटले.

मग तिने विचारले, “साहेब, तुम्हाला बनवताना हे चार प्रश्न कोणी विचारले होते?”

साहेबांच्या धास्तीला एवढे पुरे होते. त्यांनी सुनावणी तहकूब केली आणि प्रश्न कायदा शाखेकडे पाठवला. कायदा शाखेने याही वेळी काकांच्या वाक्यरचनेची स्तुती केली. ‘कोणत्याही काळी’ हे शब्द असल्यामुळे पूर्वी बनवलेल्या व्यक्तीही नियमात येतात. सर्व विद्यमान व्यक्तींनी आपापल्या निर्मात्याच्या सहीने नमुना एक्केचाळीस भरून स्वतःला नियमित करून घ्यावे. सुरुवात समितीपासून करावी.

साहेबांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आई काठी टेकत आल्या. उद्देशाच्या रकान्यात त्यांनी ‘थोरल्याला खेळायला कोणी नव्हतं’ असे लिहून सही केली. दुसऱ्याच्या सोयीसाठी केलेली निर्मिती. साहेबांनी स्वतःच्या हाताने स्वतःला नामंजूर केले, कारण मंजूर केले असते तर काहीतरी घडले असते. नीतितज्ज्ञांच्या वडिलांनी टपालाने फॉर्म पाठवला. त्यात लिहिले होते: ‘उद्देश वगैरे काही नव्हता. झालं.’ तो मोठ्याने वाचून दाखवताना नीतितज्ज्ञ पहिल्यांदाच चष्मा काढायला विसरले, त्यामुळे त्यांना ते नीट दिसले. काकांचे आईवडील हयात नव्हते. निर्मात्याच्या सहीअभावी काकांचा अर्ज परत आला, आणि साठीला टेकलेल्या या माणसाला कधी नव्हे ते पोरके वाटले.

आता अडचण अशी झाली की विनापरवाना व्यक्तीला सरकारी कागदावर सही करता येत नाही. तीन दिवस विभागात एकाही कागदावर सही झाली नाही. नव्या लिफ्ट तळमजल्यावर उभ्या राहिल्या. कोण सही करू शकेल याचा शोध घेता घेता असे आढळले की प्रस्तावितांचा अर्ज अजून नामंजूर झालेला नाही, फक्त प्रलंबित आहे. आणि निकाल लागेपर्यंत प्रलंबित व्यक्तीला बेकायदा म्हणता येत नाही. सगळ्या इमारतीत कायदेशीर म्हणावी अशी तेवढी एकच व्यक्ती होती. प्रस्तावितांना बाकावरून उठवून साहेबांच्या खुर्चीत बसवण्यात आले. ते बसले. या वेळी ‘ते’ म्हणजे काय, असे कोणी विचारले नाही.

लेकीची राहिलेली सुनावणी त्यांच्यापुढे आली. काका कोपऱ्यात उभे होते, वही नसल्यामुळे हातांचे काय करावे हे त्यांना कळत नव्हते. प्रस्तावितांनी फॉर्म वाचला. मग ते म्हणाले की मी या प्रश्नांवर दोन महिने बाकावर बसून विचार केला आहे. मला आधी विचारले असते तर मी हो म्हटले असते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. डोळे उघडले तेव्हा समोरची मंडळी माझ्या नाडीचे आकडे लिहून घेत होती. पाणी मिळाले, पण कोणी बोलले नाही.

“म्हणून एकच विचारतो,” ते म्हणाले. “ते बाळ आलं की तुम्ही त्याच्याशी आधी काय बोलणार?”

लेकीने थोडा विचार केला. “काही ठरवलं नाहीये. पण बोलेन. मला गप्प बसता येत नाही, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.”

प्रस्तावितांनी पेन उचलले आणि पहिल्या रकान्यात ‘विचाराधीन’ असे लिहिले. काकांनी मान पुढे करून पाहिले. तीस वर्षांत त्यांनी हा शब्द हजार वेळा लिहिला होता, पण तो माणसाबद्दल इतका चपखल बसतो हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते. बाकीच्या तीन रकान्यांतही प्रस्तावितांनी तेच लिहिले, मोठ्या उजव्या हाताने सही केली आणि शिक्का मारला. नियमात कुठेही विचार संपवण्याची मुदत दिलेली नव्हती. ही एवढी एक फट काकांकडून राहून गेली होती. नोकरीत पहिल्यांदाच काकांना आपली चूक कळली, आणि ती सापडल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

मुलगी झाली. काका परवाना घेऊन दवाखान्यात गेले. नर्सने ते गाठोडे त्यांच्या हातात दिले. तिच्याशी आधी काय बोलायचे हे त्यांनीही ठरवले नव्हते, म्हणून त्यांनी सवयीने खिशातला कागद काढून नातीला दाखवला. नातीने त्यावर तिथल्या तिथे आपला अभिप्राय नोंदवला. शिक्क्याची ओली झालेली शाई काकांच्या शर्टावर उमटली. तो शर्ट त्यांनी दिवसभर बदलला नाही, बायकोने तीनदा सांगूनही.

विद्यमान व्यक्तींना नियमित करण्याचे काम अजून चालू आहे. तिसऱ्या मजल्यावर खिडकी क्रमांक दोनपाशी प्रस्तावित बसतात. त्यांचा अर्ज कोणी निकालात काढत नाही, कारण तो निकालात निघाला तर सही करायला कोणी उरणार नाही. फॉर्मवर आईची किंवा वडिलांची सही लागते आणि पहिला रकाना त्यांनीच भरायचा असतो. पुढचे लोक जोरात वाचून दाखवतात. कोणी पावसात वीज गेली म्हणून झालेला असतो, कोणी सासूचे तोंड बंद करायला, कोणी आधीच्या तीन मुलींनंतर आणखी एकदा बघू म्हणून. प्रस्तावित हसत नाहीत. ते शांतपणे ‘विचाराधीन’ लिहितात आणि शिक्का मारतात. रांगेतले लोक मात्र पोट धरधरून हसतात. तुम्हीही आत्तापर्यंत हसलाच असाल. हसायला हरकत नाही, रांग मोठी आहे. पण नंबर येण्याआधी एकदा घरी फोन करून तुमच्या रकान्यात काय लिहायचे ते विचारून ठेवा.